व्हॅनमधली पुढची सीट

लॉन्ड्रीच्या मशीनमधून मोजे काढले की शेवटी एक मोजा उरतोच. त्याचा जोडीदार कुठे गेला ते देवालाही ठाऊक नसतं. मी असले मोजे फेकत नाही, एका बादलीत टाकतो. किस्स्यांचंही तसंच होतं. अख्ख्या दिवसातून एवढासा तुकडा हातात उरतो, फेकवत नाही, आणि बादली भरत जाते. इथल्या मराठी मंडळात मी ते सांगायला लागलो की लोक म्हणतात, "काका, लिहून काढा." म्हणायला काय जातं! सातवीत मास्तरांनी मला सोडलं आणि मी मास्तरांना. त्यानंतर पेन धरलं ते सहीपुरतं. तरी लिहितोय. चुका दिसल्या तर गिळा.

मी अमेरिकेत, श्रूजबरीला थोरल्या भावाकडे राहतो. तिकडे साताऱ्याला ट्रक चालवायचो. इथे एका बास्केटबॉल टीमची व्हॅन चालवतो आणि त्यांचे घामट कपडे धुतो. टीव्हीवर दिसतात त्या मोठ्या टीमच्या खालची ही टीम. इथून वर जायचं म्हणून पोरं जीव तोडून उड्या मारत असतात. हा खेळ मला आजही आवडत नाही. लांबलचक माणसांनी धक्काबुक्की करायची आणि मध्येच शिट्टी वाजली की दोघांनीही "मी नाही!" म्हणून हात वर करायचे. पण पोरं बघण्यासारखी.

नोकरी लावली पुतणीनं, मृणालनं. जन्म इथलाच. मराठी सगळं समजतं, अर्धं बोलते आणि चिडली की पूर्ण इंग्रजी. टीममध्ये कुणाचं कॉन्ट्रॅक्ट करायचं, कुणाचं संपवायचं, कुणाला दुखापत झाली तर त्याची जागा राखायची की दुसऱ्याला द्यायची, हे तिचं काम. जागा ठरलेल्या असतात. एक आत आला की एक बाहेर. मी भल्याभल्यांना नावं ठेवतो, पण या पोरीला ठेवायला अजून नाव सापडलेलं नाही. शोध चालू आहे.

*

कुणाला कमी करायचं असलं तर मृणाल ते स्वतः, तोंडावर सांगते. फोन नाही, ईमेल नाही. केबिनमध्ये बोलावते आणि आधी म्हणते, "बस." कारण ती उभी राहिली तर या पोरांच्या बरगडीला लागते. तिचं म्हणणं, "माणसाला वाईट बातमी द्यायची तर डोळ्यात बघून द्यावी. मला ते बसल्याशिवाय जमत नाही."

हे टीमभर पसरलं. "बस" म्हणाली की संपलं!

एकदा एका पोराला बोलावलं. तो आत आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. मृणाल म्हणाली, "बस."

"नाही बसणार."

"प्लीज."

"मी उभा आहे तोवर मी टीममध्ये आहे!"

मी दाराबाहेर टॉवेलांचा गठ्ठा घेऊन उभा.  आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी डोकावलो, तर मृणाल बूट काढून खुर्चीवर चढून उभी! आता दोघांचे डोळे समोरासमोर. म्हणाली, "आता बोलू?"

तो पोरगा आधी हसला, मग रडला, आणि मग त्यानंच तिला हात देऊन खुर्चीवरून खाली उतरवलं.

*

व्हॅनमध्ये माझ्या शेजारी एकच सीट आहे. पाय पसरायला सगळ्यात जास्त जागा तिथेच. सुरुवातीला पोरं त्या सीटसाठी भांडायची आणि मी ओरडायचो, "मागे बस!" रोज ओरडून ओरडून पोरांना ते पाठ झालं. "चला", "गप" आणि "मागे बस" एवढं मराठी आमच्या अख्ख्या टीमला येतं. मंडळाच्या शाळेतली पोरं एवढंही बोलत नाहीत.

मग एकदा कमी केलेल्या एका पोराला एअरपोर्टला सोडायचं होतं. त्याला म्हटलं, "बाबा, तू पुढे बस. जाताना तरी पाय पसर." पुढच्यालाही तसंच म्हटलं. त्याच्या पुढच्यालाही. असा रिवाज पडला. जाणारा पुढे, राहणारे मागे.

झालं! आता त्या सीटवर कुणी बसेना. गाडी खच्चून भरलेली असो, पुढची सीट रिकामी. नव्या पोरानं चुकून पुढचं दार उघडलं की मागून सगळे एका आवाजात ओरडतात, "मागे बस!"

कोचसुद्धा पुढे बसत नाही. कोचला तर जास्तच भीती.

*

ऑटिस आमच्यातला सगळ्यात थोराड. सात फुटांना जरासा कमी, दाढीत पांढरे केस. उडी संपत आलेली, पण डोकं शाबूत. कोचचा लाडका, त्यामुळे त्याची जागा पक्की. जागा पक्की असली तरी भीतीही पक्कीच!

संक्रांतीला वहिनी म्हणाल्या, "भावजी, तो उंच मुलगा एकटाच राहतो ना? जेवायला आणा त्याला." मी गेलो. आपल्यात जेवायला न्यायचं तर फोन कशाला करायचा? खाली उभा राहून हॉर्न मारला. खिडकीत ऑटिसचं तोंड दिसलं आणि गायब झालं. मी वाट बघतोय. बऱ्याच वेळानं साहेब खाली आले ते दोन बॅगा घेऊन! मला वाटलं, अमेरिकन माणसं जेवायला जाताना काय काय नेतात कुणास ठाऊक. बॅगा मागे टाकल्या आणि पुढच्या सीटवर बसला. वाटेत मी म्हटलं, "थंडी फार आहे." तो म्हणाला, "इट वॉज ॲन ऑनर, काका." मी म्हटलं, थंडीत कसला ऑनर?

घरी पोचलो. वहिनींनी दारातच तिळगूळ हातावर ठेवला. त्याच्या मागे बॅगा बघून मला हळूच म्हणाल्या, "हा जेवायला आलाय की राहायला?" ऑटिस तिळगूळ मुठीत धरून मृणालपुढे उभा. "जस्ट से इट," म्हणाला.

"से व्हॉट? हात धू आणि जेवायला बस."

'बस' ऐकून त्याचा चेहरा पडला तो पडलाच! सगळा उलगडा व्हायला गुळपोळीचं ताट समोर यावं लागलं. मग हसत सुटला. आमचं टेबल हलत होतं.

पण तोवर त्यानं घर आवरलं होतं आणि टीव्ही शेजाऱ्याला देऊन टाकला होता. शेजाऱ्यानं तो काही परत दिला नाही.

*

आता डेव्हॉनचं सांगतो. कोवळा पोरगा. ॲन आर्बरकडचा, आई तिथे सिटी बस चालवते. हे कळल्यापासून तो माझा खास. बर्फात बस चालवणारी बाई म्हणजे चेष्टा नाही. डेव्हॉन धावायला लागला की बुटांचा आवाज यायचा नाही. सगळे म्हणायचे, हा लवकरच वर जाणार, मोठ्या टीमला.

एका प्रॅक्टिसला तो उडी मारून खाली आला आणि गुडघ्यातून काडी मोडल्यासारखा आवाज झाला. मी कोपऱ्यात पाण्याच्या बाटल्या भरत होतो, मलाही ऐकू आला. पोरगा जमिनीवर, गुडघा दोन्ही हातांनी धरलेला. सगळे धावले. डॉक्टर वाकून विचारतोय, "कुठे दुखतंय?"

डेव्हॉन दात आवळत ओरडला, "डोन्ट टेल मृणाल!"

मृणाल त्याच्या डोक्यामागेच उभी होती. म्हणाली, "टू लेट." आणि त्याच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसली. "आधी गुडघा. जागेचं मी बघते."

लोकांना वाटेल, पोरगा वेडा, हाड मोडलं आणि ओरडतो कुणाच्या नावानं. वेडा नव्हता. इथे नाव यादीतून गेलं की टीमचा डॉक्टर गेला, व्यायाम करवून घेणारा गेला, जिम गेली. कापलेल्या गुडघ्याचा, कुठल्याच टीममध्ये नसलेला पोरगा दुसरी टीम कशाला घेईल? नाव गेलं तर डेव्हॉनचा खेळ त्या जमिनीवरच संपणार होता. हे त्याला माहीत होतं, तिलाही, आणि पाण्याच्या बाटल्या हातात धरून उभ्या असलेल्या मलाही.

*

दुखावलेला खेळाडू कधी खरं बोलत नाही. कसं वाटतंय? "हंड्रेड परसेंट!" पाय प्लास्टरमध्ये असला तरी हंड्रेड परसेंट. जागा जाईल ही भीती. आणि खोटं बोलून लवकर खेळायला उतरला की पुन्हा मोडतो.

ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी डेव्हॉनला डॉक्टरनं विचारलं, कोचनं विचारलं. "हंड्रेड परसेंट!" मृणालनं विचारलं, "संडासात बसताना पाय कसा ठेवतोस?"

पोरगा लाजून लाल. मग म्हणाला, "सरळ. पुढे. आणि भिंतीला धरून उठतो."

"मग अजून वेळ आहे," म्हणाली आणि निघून गेली.

हे ती आमच्या आईच्या गुडघ्यांवरून शिकली. आईसुद्धा "बरी आहे" एवढंच सांगायची. आता आमचा डॉक्टर हाच प्रश्न सगळ्यांना विचारतो. परवा मलाही विचारला. मी म्हटलं, गप!

*

डेव्हॉनच्या पायाला मांडीपासून पोटरीपर्यंत पट्टा. पाय वाकत नाही. त्याला रोज व्यायामाला न्यायचं काम माझं. पुढच्या सीटवर तो पाय मस्त मावला असता. मी दार उघडून म्हटलं, "पुढे बस."

"नो, काका."

"अरे, पायासाठी म्हणतोय!"

"नो, काका!"

मग मागच्या बाकावर आडवा पडायचा. पाय ऑटिसच्या मांडीवर. ऑटिसचा हात म्हणजे सुपाएवढा, पण डेव्हॉनची टाच अशी धरायचा जसं काही अंडं धरलंय. पूर्ण रस्ता धरायचा. त्याला व्यायामाला यायची गरज नव्हती, पण रोज यायचा.

एकदा बर्फाच्या खड्ड्यात चाक आपटलं. मागून ऑटिस गरजला, "काका! मागे आजी बसलीये असं समजून चालव!"

मी म्हटलं, "आजी असती तर शहाण्यासारखी पुढे बसली असती!"

*

कोच माणूस वाईट नाही. हरायला लागला की वाईट होतो. लागोपाठ हरत होतो आणि त्याला एक नवा उंच पोरगा हवा होता. जागा एकही रिकामी नाही. शुक्रवारपर्यंत काय ते ठरवायचं होतं, आणि हे सगळ्या टीमला माहीत होतं. मी त्याला आणि मृणालला व्हॅनमधून टीमच्या मालकाकडे नेत होतो. दोघं मागे.

कोच म्हणाला, "तो पोरगा कुबड्यांवर आहे. मला उड्या मारणारा माणूस पाहिजे."

मृणाल म्हणाली, "तो बरा होतोय."

"पुढच्या वर्षी! मी पुढच्या वर्षी इथे असेन की नाही मला माहीत नाही."

"त्याला काढलं तर तो कुठेच नसेल."

"मृणाल, मी राक्षस नाही. मला कुणाला काढायची हौस नाही. मला एक जागा पाहिजे. कुणाची ते तू बघ. आय डोन्ट केअर हूज!"

 मग मृणालचा आवाज आला. "परत एकदा म्हण."

"आय डोन्ट केअर हूज!"

"काका, ऐकलंत ना?"

मी म्हटलं, "मी ड्रायव्हर आहे. मला मागचं ऐकू येत नाही." आणि आरशात बघतो तर पोरगी हसतेय. आठवडाभरात पहिल्यांदा.

त्या दिवसापासून तिच्या कानाचा फोन सुटेना. जेवताना फोन, पार्किंगमध्ये फोन. भलत्याच देशांच्या लोकांशी बोलत होती. तिकडे दुपार असली की इकडे हिचा चहा गार. वहिनी म्हणाल्या, "लग्नाचं जमवतेस की काय कुणाचं?" ती म्हणाली, "ऑलमोस्ट, आई."

*

त्याच आठवड्यात ऑटिस लॉन्ड्रीत आला. तो कधी येत नाही, दारात डोकं आपटतं. आपटलंच. मग उलट्या बादलीवर बसला आणि मी घड्या घालत होतो ते बघत राहिला.

"काका, तू या देशात आलास तेव्हा म्हातारा होतास?"

"म्हातारा तू! मी नुसता मोठा होतो."

"अवघड गेलं?"

मी म्हटलं, "पहिल्या हिवाळ्यात मी या देशाला शिव्या दिल्या. दुसऱ्या हिवाळ्यात आणणाऱ्या भावाला दिल्या. मग सवय झाली. आता तिकडे गेलो तर तिकडच्या उन्हाला देतो."

त्यानं ढिगातला एक टॉवेल उचलला. मग म्हणाला, "आणि जेवण?"

"जेवण माणसांवर असतं. नीट माणसं भेटली की पोट भरतं."

त्यानं दोन टॉवेलांच्या घड्या घातल्या. दोन्ही वाकड्या. उठला, पुन्हा दारात डोकं आपटलं आणि गेला. मी त्या घड्या मोडून परत घातल्या. एवढा मोठा माणूस, टॉवेलाची घडी घालता येत नाही!

*

शुक्रवार उजाडला. सगळं पांढरं, काचांवर बर्फ. मृणालनं मला केबिनमध्ये बोलावलं. मी आधीच सांगितलं, "मी बसणार नाही."

"काका, जोक नको. आधी ऑटिसला घ्या, मग डेव्हॉनला. दोघांना बॅगांसकट... आय मीन, ऑटिसला बॅगांसकट. इथे माझ्याकडे आणा. मग ऑटिसला एअरपोर्ट."

"ऑटिसला? तो तर कोचचा लाडका!"

"इटलीतून फोन आला. तिकडच्या टीमला तो हवाय. त्यानंच मला येऊन सांगितलं, मला मोकळं कर."

मी तिच्याकडे बघितलं. डोळ्याखाली काळं, पुढ्यात गार चहा. म्हटलं, "इटलीनं फोन केला, की तू इटलीला केलास?"

"काका, गाडी काढा."

"मग डेव्हॉनला सांगू?"

"एक शब्द नाही! इट्स माय जॉब. मी त्याच्या डोळ्यात बघून सांगणार. तुम्ही तोंड उघडायचं नाही."

आयुष्यात मला कुणी याहून अवघड काम सांगितलेलं नाही. ट्रक घाटातून उलटा चालवायला सांगितला असता तर चालवला असता.

ऑटिस तयारच होता. बॅगा मागे टाकल्या, पुढे बसला, सीट होती नव्हती तेवढी मागे सरकवली, तरी गुडघे डॅशबोर्डला. वहिनींनी दिलेल्या गुळपोळ्यांचा डबा मांडीवर. मी म्हटलं, "टीव्ही?"

"शेजाऱ्याकडेच आहे," म्हणाला, आणि पोळीचा तुकडा मोडला.

डेव्हॉनच्या दारात थांबलो. हॉर्न मारला नाही. तरी पोरगा बाहेर आलाच, सकाळपासून खिडकीत असणार. दोन बॅगा, एक पाठीवर, एक गळ्यात अडकवलेली. दोन्ही काखेत कुबड्या. आईनं विणलेली टोपी कानांपर्यंत ओढलेली. पायऱ्यांवर बर्फ, एकेक पायरी कुबडीनं चाचपत उतरतोय. उतरून मदत करायला मी दाराला हात घातला, तर त्यानं मान हलवली. नको.

व्हॅनच्या मागच्या दाराशी आला. इतके दिवस तिथूनच चढायचा. आज थांबला. बंद दाराकडे बघितलं. आणि कुबड्या टेकत, बर्फातून घसरत, वळसा घालून पुढच्या दाराकडे निघाला. काचा धुक्यानं बंद, आतलं काही दिसत नाही. मी स्टीअरिंग घट्ट धरलं. जीभ दातांखाली. मृणालला शब्द दिलेला. शेजारी ऑटिस शांतपणे पोळी चावतोय.

डेव्हॉननं एक कुबडी काखेत दाबली, टोपी काढून खिशात घातली, ताठ उभा राहिला आणि दार उघडलं.

पुढची सीट भरलेली. त्यानं ऑटिसकडे बघितलं. मागे टाकलेल्या ऑटिसच्या बॅगांकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी वायपरकडे बघत होतो.

ऑटिसनं तोंडातला घास संपवला, डबा बंद केला, हात पुढे करून डेव्हॉनच्या गळ्यातली बॅग काढून घेतली आणि गल्ली हादरेल असा ओरडला,

"मागे बस!"